बधन्यातले पाणी

वजू कशाने तुटतो यावर आम्ही रात्र रात्र वाद घालतो. वजू कशासाठी करायचा, हा प्रश्न मात्र आम्हाला पडत नाही. नियत मनात केली तर चालते की तोंडाने म्हणायला हवी, हात नाभीखाली बांधायचे की छातीवर, आमीन हळू म्हणायची की मोठ्याने, या वादांपायी आमच्या मशिदी वेगळ्या झाल्या, सोयरिकी मोडल्या. आणि हे सारे चालू असताना नळ उघडाच असतो.

हे आम्ही अलंकार म्हणून लिहीत नाही. दिंडोशीत टेकडीच्या पायथ्याशी एका मशिदीत जुम्म्याला आम्ही रांगेत बसतो. नळ सोडतो, बाह्या वर करतो, शेजाऱ्याची खुशाली विचारतो, मोबाईल खिशात टाकतो, मग हात धुतो. कुणी नळाखाली बादली ठेवून एकदा पाहावे, एका माणसाच्या वजूत किती भरते ते. त्याच वेळी बाहेरच्या पायऱ्यांवरून बायका हंडे आणि कॅन घेऊन वर चढत असतात. त्यांत आमच्याच आया-बहिणी असतात. एखादी दम खायला भिंतीशी टेकते. आतल्या पाण्याचा आवाज तिला ऐकू येतो.

कोकणातल्या आमच्या आज्या तोटीच्या बधन्यातून वजू करत. विहिरीचे पाणी त्यांनीच शेंदलेले असे, म्हणून त्याचे मोल त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. एक बधना सगळ्या वजूला पुरे आणि तळाशी उरलेले पाणी अबोलीच्या रोपाला. मसला विचारला असता तर त्यांना सांगता आला नसता. पण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत पैगंबरसाहेब एक मुद्द पाण्यात वजू करत अशी नोंद आहे. मुद्द म्हणजे आजच्या मापाने पाऊण लिटरच्या आसपास. म्हणजे ज्यांना आम्ही अडाणी म्हटले, त्या सुन्नतीच्या जवळ होत्या. किताबे पाठ करणारे आम्ही दूर गेलो.

पाणी नसेल तर स्वच्छ मातीवर हात मारून तयम्मुम करा, नमाज अडणार नाही, इतकी सवलत ज्या धर्माने दिली, त्याला पाण्याचे दुर्भिक्ष ठाऊक होते. सूरह माऊनमध्ये दिखाव्याच्या नमाजीला फटकारले आहे आणि त्याच्या दोषांत शेजाऱ्याला साधी गरजेची वस्तू नाकारणे हाही दोष सांगितला आहे. मीठ, सुई, भांडे, पाणी, असा त्या शब्दाचा अर्थ भाष्यकारांनी लावला. ही छोटी सूरह आम्हा सर्वांना पाठ असते. घाईच्या नमाजेत तीच आम्ही पढतो.

आणि पाण्याचा विचार दिंडोशीत करायचा नाही, तर कुठे करायचा? 'पाणीवाली बाई' म्हणून ओळखल्या गेलेल्या मृणाल गोरे इथल्या शेजारच्या गोरेगावच्या. त्यांच्या पुढाकाराने नागरी निवारा परिषदेने दिंडोशीत सहा हजारांवर घरे उभी केली. इथून जवळच पिंपरीपाड्यात 2 जुलै 2019 च्या रात्री मालाड टेकडीवरील जलाशयाची भिंत पावसात कोसळून तीसच्या आसपास माणसे गेली. ज्या झोपड्यांवर ती पडली, त्यांच्या डोक्यावर शहराच्या पाण्याचा साठा होता. वस्ती अनधिकृत असली तरी माणसाला पिण्याचे पाणी नाकारता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये सांगितले. तो निकाल हातात घेऊन वस्तीसाठी नळजोडणी मागायला आमच्या किती मशिदींचे विश्वस्त वॉर्ड ऑफिसात गेले?

आमचे सुधारक मित्र म्हणतील, कर्मकांडच सोडा म्हणजे पाणी वाचेल. त्यांना आम्ही आठवण देतो की हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला तो तलाकपीडित बायांच्या हक्कासाठी. आजीच्या बधन्याला हसणे सोपे आहे. हंडा उतरवायला हात लावणे कठीण. दिवसातून पाच वेळा माणूस थांबतो, हातपाय धुतो, आपण कुणापुढे उभे राहणार आहोत याची आठवण करतो, ही सवय फेकून देण्याजोगी नाही. ती पोकळ झाली आहे, एवढीच आमची तक्रार आहे.

दुसरे विचारतील, टॉवरमधल्या तरणतलावांना कुणी बोलत नाही, मग आम्हालाच का? प्रश्न रास्त आहे. पण तरणतलावात उतरणारा इबादत करतो असे म्हणत नाही. आम्ही म्हणतो.

मोहरममध्ये करबलाच्या तहानलेल्यांच्या आठवणीने आम्ही दहा दिवस सबील लावतो. त्यावरही आमच्यात वाद आहेत, ते असोत. उरलेल्या दिवसांचे काय? मशिदीच्या बाहेरच्या भिंतीला एक नळ लावावा, जात न विचारता पाणी देणारा. आत दाबून सोडायचे नळ बसवावेत. वजूचे पाणी संडासाला वळवावे. आणि एका जुम्म्याला खुतब्याआधीचे बयान मराठीत, पाण्यावर व्हावे. यासाठी कुणाच्या फतव्याची गरज नाही.

तोवर घरातला बधना माळ्यावरून खाली काढावा. तो एकदाच भरावा, आणि त्यात वजू पुरा होतो की नाही, हे आम्ही आपापले पाहावे.