कात्री, फणी आणि अलिखित विद्या

तापीच्या खोऱ्यात, इच्छादेवीच्या टेकडीच्या आश्रयाने वसलेल्या आमच्या इच्छापुरासारख्या सीमेवरील गावी केशकर्तनाची विद्या दफ्तरात क्वचितच नोंदली गेली. ती उस्तादाने शागिर्दाच्या हातात ठेवली, आणि म्हणूनच प्रस्तुत अंकात तिला आम्ही सादर स्थान देत आहोत.

ओला केस ताणला जातो व वाळल्यावर आखडतो, सबब कुरळ्या केसांवर कात्री चालविताना थोडी लांबी राखून ठेवावी. डोक्यावरील भोवरा कोणत्या दिशेने फिरतो हे आधी न्याहाळावे, कारण तेथील केस फार आखूड केल्यास ते ताठ उभे राहतात आणि मग पाणी, तेल वा फणी यांपैकी कशाचीच मात्रा चालत नाही. दाढी कोमट पाण्याने पुरेशी भिजवून, मोकळ्या हाताने त्वचा ताणून, पहिला हात केसांच्या वाढीच्या दिशेनेच फिरवावा. जावळाची गोष्ट निराळी: तान्ह्या बालकाची टाळू भरलेली नसते, तेथे वस्तऱ्याचा दाब मुळीच पडू देऊ नये. प्रत्येक गिऱ्हाइकास नवे पाते, या बाबीत तर आम्हांस कोणतीही सवलत मान्य नाही.

१८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या ज्या नाभिकांनी विधवांच्या केशवपनास नकार दिला, त्यांचा विवेक आम्ही याच विद्येचा श्रेष्ठ भाग मानतो.

इच्छापूर-बऱ्हाणपूर परिसरातील कारागिरांनी आपापल्या युक्त्या पुढील अंकासाठी अवश्य कळवाव्यात. लेखणीचा सराव नसल्यास तोंडी सांगाव्यात, लिहून घेण्याची तजवीज आम्ही करू.