संगणकाचा उन्हाळा

चैत्र सरून वैशाख लागला, म्हणजे आमच्या भोरच्या खोऱ्यांतील माणूस कोणी न सांगतां आपली दिनचर्या बदलतो. शेतावरचें काम तो सूर्य डोक्यावर येण्याच्या आधीं उरकतो व गुरें सावलीला बांधतो. दुपारच्या वेळीं आंबवड्यास नागेश्वराच्या दर्शनास आलेला वाटसरू झाडांखालीं घटकाभर टेकल्यावांचून पुढें जात नाहीं. हें शहाणपण आम्हांस वाडवडिलांकडून मिळालें आहे. परंतु ज्या नव्या पाहुण्यास आम्हीं शाळेंत व घरांत आणून बसविलें, त्या संगणकाच्या वांट्यास या शहाणपणाचा लेशही येत नाहीं. त्यास आम्ही पत्र्याच्या छपराखालीं, खिडक्या बंद करून, भिंतीस चिकटवून ठेवतों. आणि तो मध्येंच बंद पडला, कीं "उन्हाळ्यांत हीं यंत्रें चालावयाचींच नाहींत" असें म्हणून खोलीस कुलूप लावून मोकळे होतों. हें कुलूप लावणें चुकीचें आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

संगणकाचा सारा हिशेब ज्या भागांत चालतो, त्यास प्रोसेसर म्हणतात. आकारानें तो एखाद्या बिस्किटाएवढा. पण टेबलावरच्या साध्या संगणकांतही तो पुष्कळदां ६५ वॅट वा त्याहून अधिक वीज घेतो, आणि ती जवळजवळ सर्व उष्णतेच्या रूपानें बाहेर टाकतो. ही उष्णता काढून नेण्यासाठीं त्यावर ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या पातळ पात्यांचा ठोकळा व त्यावर पंखा बसविलेला असतो. दोहोंमधील सूक्ष्म फटींत हवा राहूं नये म्हणून एक लेप लावतात, कारण कोंडलेली हवा उष्णतेची वाट अडविते. इतकें करूनही ताप वाढूं लागला, तर प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. आणि ताप १०० अंश सेल्सिअसच्या आसपासची मर्यादा ओलांडूं लागला, तर बचावासाठीं यंत्र स्वतःच बंद होतें.

आतां एक हिशेब करून पाहूं. समजा, २५ अंशांच्या खोलींत काम करतांना प्रोसेसर ६५ अंशांवर राहतो. खोली ४० अंशांवर गेली, तर तोच प्रोसेसर सुमारें ८० अंशांवर जाईल. कारण काम तेंच असेल, तर हवा व प्रोसेसर यांच्यांतील अंतर साधारणपणें तेवढेंच राहतें. म्हणजे जी हवा आपणांस भट्टीसारखी वाटते, ती प्रोसेसरास अजूनही थंडच आहे! मात्र ती त्याच्यापर्यंत पोंचली पाहिजे आणि तापून बाहेर पडली पाहिजे. ही वाट अडली, तर वैशाखच काय, मार्गशीर्षांतही यंत्र बंद पडेल.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या पाहण्यांत असाच एक संगणक आला. तो दर अर्ध्या तासानें बंद पडे. तपासावयास आलेल्या गृहस्थांनीं "जुना झाला, नवा घ्या" असा सल्ला दिला. आम्हीं वीज तोडून यंत्र ओसरीवर उघडलें, तों पात्यांवर धुळीची घोंगडीच पांघरलेली! पंखा बोटानें धरून मऊ ब्रशानें ती धूळ काढली, वाळलेला लेप जाणत्या माणसाकडून पुन्हा लावून घेतला, आणि यंत्र भिंतीपासून वीतभर पुढें ओढलें. तें त्याच खोलींत, त्याच उन्हांत, सबंध महिना चाललें.

कोणी म्हणेल, मोठ्या संस्था संगणक थंड ठेवण्यासाठीं एवढा खर्च करतात, तो काय व्यर्थ? मुळींच नाहीं. पुण्यास १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था निघाली व १९९१ सालीं तिनें "परम ८०००" हा महासंगणक सिद्ध केला. त्याच पुण्यांत आयसर या संस्थेंत २०१९ सालीं "परम ब्रह्म" बसविण्यांत आला. त्यांत उष्णता वाहून नेण्यासाठीं प्रोसेसरांस भिडून द्रव खेळविण्याची योजना आहे. खुद्द इंटेल कंपनीनेंही २००४ सालीं उष्णतेपुढें हात टेकले, आणि एकाच गाभ्याचा वेग वाढवीत नेण्याचा नाद सोडून एका प्रोसेसरांत दोन गाभे बसविण्याची वाट धरली. पण जेथें असंख्य प्रोसेसर अहोरात्र राबतात, तेथील गरज निराळी व आमच्या दहा-पांच यंत्रांची निराळी. तत्त्व मात्र एकच : उष्णतेस बाहेर जावयास वाट द्या. वातानुकूलन लाभलें तर उत्तमच. परंतु तें येईपर्यंत खोली बंद ठेवणें म्हणजे विहीर खणेपर्यंत नदीचें पाणी न पिण्यासारखें आहे.

आमच्या सूचना साध्या आहेत. फाल्गुनांतच प्रत्येक यंत्राची धूळ काढावी. पत्र्यास वरून चुन्याची सफेती द्यावी, म्हणजे ऊन परतेल. पश्चिमेच्या खिडकीस बाहेरून ताटी बांधावी व समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्या. वर्ग सकाळीं सात ते अकरा भरवावे. लॅपटॉप गोधडीवर ठेवूं नये. त्याचे श्वास घेण्याचे झरोके बुजतात. आणि थंडाव्यासाठीं यंत्रावर ओलें गोणपाट टाकण्याचा अविचार कोणी करूं नये. पाणी व वीज यांचें सख्य नाहीं.

ज्यांच्या घरीं संगणक आहे, त्यांस शाळेच्या कुलपाचें कांहींच वाटणार नाहीं. परंतु आमच्या खोऱ्यांतील पुष्कळ मुलांमुलींस ही एकच खोली आहे, आणि निवांत शिकावयास सुट्टीचे हेच दोन महिने आहेत. पुढें पुण्यास जाऊन त्यांस ज्यांच्या बरोबरीनें उभें राहावयाचें आहे, तीं मुलें या दिवसांत हात जोडून बसलेलीं नसतात. खोलीस लावलेलें कुलूप अखेर या मुलांच्या शिक्षणास लागतें. विद्यार्थिमित्रहो, पुढच्या फाल्गुनांत एक ब्रश व एक फडकें घेऊन आपल्या गुरुजींकडे जा, आणि त्या खोलीची किल्ली मागा.