स्वस्त गोळी हवी, मुकी नको

पित्ताच्या गोळीला माझा विरोध नाही, आणि ती स्वस्त असण्याला तर अजिबात नाही. हे आधीच सांगतो, कारण ॲसिडिटीचा विषय निघाला की एक जण कोकम सरबत सुचवतो आणि दुसरा म्हणतो, "जेनेरिक घेऊ नकोस, चांगल्या कंपनीची घे." पँटोप्राझोल हे पँटोप्राझोलच असतं. दर्जा तपासलेला असेल, तर पाकिटावर कोणाचं नाव आहे हे जठराला कळत नाही. जनऔषधी केंद्रातली गोळी घेणारा माणूस शहाणाच.

माझी तक्रार वेगळी आहे. ही गोळी आपल्याला मुकी मिळते.

पँटोप्राझोल आपल्याकडे कायद्याने शेड्यूल एचमध्ये येतं, म्हणजे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. पाकिटावर तसं छापलेलंही असतं, इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत. प्रत्यक्षात मेडिकलमध्ये जाऊन "पित्ताचं काहीतरी द्या" म्हटलं की काम होतं. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात तर ही गोळी चार्जरसारखी मागितली जाते. अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल रात्री साडेअकराला संपतो, मग बिर्याणी येते, मग लगेच आडवं व्हायचं. सकाळी छातीत जळजळ होते, आणि ड्रॉवरमध्ये पाकीट असतंच. आमच्या धंद्यात तात्पुरता म्हणून लावलेला पॅच पाच-पाच वर्षं तसाच राहतो. इथे तो पोटात राहतो.

ही गोळी जेवणाआधी अर्धा-एक तास घ्यायची असते, कारण ती जठरातले आम्ल तयार करणारे पंप बंद करते आणि जेवणामुळे हे पंप कामाला लागतात. ती लगेच आराम देणारी गोळी नाही, पूर्ण परिणामाला काही दिवस लागू शकतात. हे काउंटरवर कोण सांगतं?

ती किती दिवस घ्यायची, हे तर कोणीच सांगत नाही. डेन्मार्कमध्ये २००९ साली याच गटातल्या एका औषधाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. पित्ताचा त्रास नसलेल्या १२० निरोगी लोकांपैकी निम्म्यांना ते आठ आठवडे दिलं, बाकीच्यांना नुसती साखरेसारखी निरुपद्रवी गोळी. औषध थांबवल्यानंतर पहिल्या गटातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर असा त्रास झाला. दुसऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के होतं. म्हणजे गोळी सोडल्यावर होणारी जळजळ काही वेळा गोळीनेच आणलेली असते. आपण मात्र "बघ, गोळीशिवाय जमतच नाही" म्हणून नवं पाकीट उघडतो.

त्याहून वाईट म्हणजे पँटोप्राझोलबरोबर डॉम्पेरिडोन असलेली कॅप्सूल. तीही तितक्याच सहज मिळते. डॉम्पेरिडोनमुळे काही जणांच्या हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून युरोपात २०१४ साली ते फक्त मळमळ आणि उलटीपुरतं ठेवलं, तेही साधारण आठवडाभरच. छातीतल्या जळजळीसाठी त्याचा वापर बंद केला. आपल्याकडे ते 'गॅसची कॅप्सूल' म्हणून खपतं.

मग चिठ्ठीची सक्ती कडक करावी का? मला तसं वाटत नाही. पाच रुपयांच्या गोळीसाठी डॉक्टरची फी भरायची ताकद प्रत्येकाकडे नसते. पण सध्याचं ढोंगही नको. कागदावर बंदी असल्यामुळे दुकानदार गप्प राहून विकतो, आणि न विचारता मिळतं म्हणून आपणही गप्प राहून घेतो. अमेरिकेत २० मिलिग्रॅम ओमेप्राझोल २००३ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं, पण पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं असतं: १४ दिवस घ्या, पुन्हा घ्यायचं तर चार महिन्यांनी, त्याआधी लागलं तर डॉक्टरांना भेटा. आपणही कमी डोसची साधी गोळी उघडपणे विकू द्या. तिच्यावर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत हे छापा. डॉम्पेरिडोनची कॅप्सूल मात्र खरोखरच चिठ्ठीवर द्या.

"लेबल वाचतंय कोण?" असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर सोपं आहे. आपली पिढी बिस्किटाच्या पुड्यावरची साखर वाचते, मोबाइल घ्यायच्या आधी पन्नास रिव्ह्यू वाचते. वाचण्यासारखं काही छापा तर खरं.

त्या लेबलवर आणखी चार ओळी हव्यात. गिळताना अडकत असेल, शौच काळी होत असेल, वजन आपोआप घटत असेल, तर गोळी घेत बसू नका, डॉक्टरांकडे जा. छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर ते पित्त समजू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आणि डॉक्टरांनी ही गोळी कायमची दिली असेल, तर माझा लेख वाचून ती बंद करू नका, आधी त्यांना विचारा.

एवढं छापायला शाई किती लागते? तोवर काउंटरवर एक प्रश्न विचारायची सवय आपणच लावून घेऊ: "किती दिवस घ्यायची?" उत्तर मिळालं नाही, तर पाकीट तिथेच ठेवायचं.