वंशवृक्षातली हयात माणसं
कुलवृत्तांत छापण्याची आपली परंपरा जुनी आहे आणि मला ती मोलाची वाटते. पण त्या जाडजूड ग्रंथाच्या प्रती बहुतेक कुळातल्या घरांतच राहायच्या. आता एखादा हौशी चुलतभाऊ तोच वंशवृक्ष इंटरनेटवर चढवतो आणि तो जगाला खुला होतो. त्यात जन्मतारखा असतात, आईचं माहेरचं आडनाव असतं. ओळख पटवायला बँका विचारत आल्या तेच. त्याहून नाजूक म्हणजे घटस्फोट, मोडलेलं पहिलं लग्न, दत्तकविधान. आपण दत्तक आहोत हे मुलाला आईवडिलांनी सांगायचं, की मोबाइलच्या पडद्याने? सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. साऱ्या जगापुढे मांडलेली माहिती घरगुती कशी? इंटरनेटवर खुल्या केलेल्या माहितीला अशी सवलत युरोपीय न्यायालयाने २००३ मध्येच नाकारली. आपल्याकडेही तसंच व्हायला हवं. तोवर गेलेल्यांच्या नोंदी अवश्य करा. हयात माणसाला, विशेषतः सासरी गेलेल्या आतेबहिणीला, आधी फोन करून विचारा, आणि ती नको म्हणाली तर नाव काढून टाका.