रस्त्याचा सातबारा

दादरच्या रानडे रस्त्यामागच्या किंवा पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यामागच्या गल्लीत शिरले, की पार्किंगचे धोरण डोळ्यांनी दिसते. ते महापालिकेचे नव्हे. सिमेंट भरलेले तेलाचे डबे, फुटक्या कुंड्या, दोरीला बांधलेला जुना टायर आणि सोबत पाटी : ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल.’ हवा सोडण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने कुणाला दिलेला नाही. तरीही इतकी चोख अंमलबजावणी आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या नियमाची होत नाही. आता या डब्यांना सरकारी शिक्का हवा आहे. बाजाराला लागून असलेल्या गल्ल्यांत रहिवाशांना पार्किंगचे परवाने द्या आणि बाहेरच्यांना मज्जाव करा, अशी मागणी अधूनमधून वर येते. सणासुदीच्या दिवसांत तर हमखास.

मागणीत तथ्य नाही असे नाही. खरेदीला आलेली गाडी दुसऱ्याच्या फाटकासमोर लावून माणूस निवांत पैठणी बघत बसतो आणि इमारतीतल्या आजोबांना न्यायला आलेली रुग्णवाहिका कोपऱ्यावरच अडकते. जुन्या चाळी बांधल्या तेव्हा गाडी ही शेठजींकडे असायची वस्तू होती. तिथे पार्किंग सोडलेलेच नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या आर्लिंग्टनमध्ये नेमकी हीच तक्रार होती. क्रिस्टल सिटीतल्या कचेऱ्यांचे कर्मचारी शेजारच्या घरांपुढे गाड्या लावून जात. स्थानिक मंडळाने कामाच्या दिवशी सकाळी ८ ते संध्याकाळी ५ या वेळेत रहिवासी आणि त्यांच्याकडे आलेले लोक यांनाच मुभा दिली. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७७ मध्ये ते रहिवाशांच्या बाजूने लागले.

पण परवाना म्हणजे जागा नव्हे. बॉस्टन शहराने रहिवाशांना वर्षानुवर्षे फुकट आणि मागतील तितके परवाने दिले. परिणामी परवाने भरपूर आणि जागा मोजक्या. परवानाधारक त्याच गल्लीत घिरट्या घालतच राहिला, फक्त आता काचेवर स्टिकर लावून. फुकट वाटायचे म्हटले, की आपल्याकडे काय होईल हे सांगायला नको. भाचीच्या नावावरची, गावाहून आणलेली, गणपतीपुरती चालू होणारी, आच्छादनाखाली चार पावसाळे काढलेली अशा सगळ्या गाड्या एका रात्रीत रहिवासी होतील.

म्हणजे प्रश्न दराचा आहे, आणि दर काढला की सगळे पक्ष पांगतात. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये रस्त्यांची वर्गवारी करून तासाला ६०, ४० आणि २० रुपये असे दर आणले. इमारतीखालच्या रस्त्यावर रात्री गाडी लावणाऱ्या रहिवाशांनाही मासिक शुल्क लावायचे ठरले. दक्षिण मुंबईतून ओरड झाली आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्या धोरणाला स्थगिती दिली. पुण्यात २०१८ मध्ये रात्रीच्या पार्किंगचे शुल्क वगळल्यावरच धोरण मंजूर झाले, तेही पाच रस्त्यांवर प्रयोग म्हणून. बंगळूरूच्या धोरणाने निदान आकडा तरी लिहिला : निवासी परवान्याला गाडीच्या आकारानुसार वर्षाला १ हजार ते ५ हजार रुपये. सर्वांत मोठ्या गाडीलाही दिवसाला चौदा रुपयांच्या आत. त्यात वडापावही येईलच असे नाही.

आता जरा मोजमाप करू. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या गाडीसाठी अडीच मीटर बाय साडेपाच मीटर जागा धरली आहे. अशा दोन गाड्यांची जागा साडेसत्तावीस चौरस मीटर भरते. झोपडपट्टी पुनर्वसनात अख्ख्या कुटुंबाला जे घर मिळते, त्याचे चटई क्षेत्र २७.८८ चौरस मीटर! ते घर मिळवण्यासाठी माणसाला पुराव्यांची भेंडोळी घेऊन वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात. गाडीला मात्र त्याच्या निम्मी जागा एका कुंडीवर मिळते.

शिवाय ज्यांच्या दारात गाडी नाही ती बहुसंख्य घरेही रहिवाशांचीच आहेत. त्यांचा हिस्सा म्हणजे पदपथ; आणि त्यावर दुचाक्या उभ्या असतात. बाहेरचा कोण, हाही गमतीचा प्रश्न. शिवाजी पार्कात खरेदीवाल्यांच्या गाड्यांवर चिडणारा गृहस्थ रविवारी सहकुटुंब फोर्टात जेवायला जातो तेव्हा गाडी कुणाच्या तरी दाराशीच लावतो. पुनर्विकासात मजल्यांवर मजले पार्किंगचे बांधलेल्या टॉवरच्या फाटकावरही ‘पाहुण्यांनी वाहने बाहेर लावावीत’ अशी पाटी असतेच. बाहेर म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर, हे गृहीत.

परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी मे २०२५ मध्ये जाहीर केले, की पार्किंगच्या जागेचा पुरावा नसेल तर नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. जपानने १९६२ मध्येच असा कायदा केला आणि तो पाळलाही आहे. आपल्याकडे गल्लीचा परवाना हाच जागेचा पुरावा म्हणून जोडला जाणार नाही, याची हमी कोण देणार?

परवाने जरूर द्यावेत. इमारतीत पार्किंग नसेल त्यांनाच, घरटी एक, आणि गल्लीत जितक्या गाड्या मावतात तितकेच. दुपारी रहिवाशांच्या गाड्या कामावर गेल्यावर तीच जागा तासाच्या भाड्याने गिऱ्हाइकांना द्यावी आणि जमलेला पैसा त्याच गल्लीच्या पदपथावर खर्च करावा. रहिवाशांचा दर मात्र त्या भागाच्या रेडीरेकनरवरून काढावा. फ्लॅट विकताना त्या भागाचा भाव सांगायला कुणी लाजत नाही. महापालिकेने हा दर आधी फलकावर लावावा आणि मगच अर्ज मागवावेत.