फीत कापल्यानंतरची बातमी

नवी सेवा सुरू झाली की गाजावाजा होतो. ती नियमित चालते का, हे मात्र कोणीच सांगत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये ‘इंडिगो’ची हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पाळण्याची तयारी कंपनीने केली नव्हती. वाहिन्यांचे कॅमेरे विमानतळांवर ठाण मांडून बसले, संसदेत आवाज उठला, कंपनीला नियमांतून तात्पुरती सूट मिळाली आणि भाड्यांवर कमाल मर्यादा आली. हे सारे आठवडाभरात घडले. अडकलेल्या प्रवाशांसाठी एवढी धावपळ झाली, हे योग्यच झाले. पण अशी तातडी कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न वऱ्हाडाने विचारायलाच हवा.

कारण मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे धावणारी शकुंतला रेल्वे बंद पडली, तेव्हा ना वाहिन्या आल्या, ना नियम हलले. दर्यापूर-अंजनगावच्या शेतकरी-मजुरांची ही स्वस्त गाडी. तिच्या मार्गाच्या रुंदीकरणाची घोषणा २०१६ मध्येच झाली, पुढे आंदोलनेही झाली. गाडी मात्र रुळांवर परतली नाही.

याउलट १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईचे पहिले प्रवासी विमान उतरले, ते थेट पहिल्या पानावर. आनंद आम्हालाही आहे. पश्चिम विदर्भाला विमान हवे, ही मागणी जुनीच होती. पण आठवड्यातून तीन दिवस अशी सुरू झालेल्या या सेवेतली किती उड्डाणे वेळेवर झाली आणि किती रद्द, हे प्रवाशाला दर महिन्याला कळायला नको का? शेजारच्या अकोल्यात शिवणीची धावपट्टी विस्ताराची वाट पाहत आहे, तिचे काय?

रस्त्यांचेही तेच. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि ‘गिनीज’मध्ये नोंद झाली. विक्रम घडवणाऱ्या मजूर-अभियंत्यांचे कौतुक हवेच. परंतु रस्त्याची खरी परीक्षा घड्याळ घेत नाही, ती चार पावसाळे घेतात.

तंत्रज्ञानाचा धडा तर अमरावती जिल्ह्यातलाच आहे. मेळघाटातले हरिसाल २०१६ मध्ये ‘डिजिटल गाव’ म्हणून देशभर मिरवले. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी प्रचारसभेतल्या पडद्यावर तिथल्या दाव्यांचे पितळ उघडे पाडले. त्यांच्या राजकारणाशी कोणी सहमत असो वा नसो, गावात जाऊन पाहणे हे मुळात बातमीदाराचे काम होते. आज ते आणखी अवघड झाले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने-हॉटस्टार एकत्र आले, माध्यमांत असे महाकाय व्यवसाय उभे राहत आहेत. पण तालुक्याला कायमचा बातमीदार ठेवणे कोणालाच परवडेनासे झाले आहे.

मग अमरावतीजवळच्या वलगावच्या फाट्यावर परतवाड्याच्या एसटीची वाट पाहणाऱ्या माणसाची दखल कोण घेणार? जुलै २०२४ मध्ये मोबाइलचे दर वाढले, जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे जवळपास १५ टक्क्यांनी वाढले. या दोन्ही दरवाढी त्याच्या खिशापर्यंत बिनचूक पोहोचल्या. ना सिग्नल तितका बिनचूक पोहोचतो, ना गाडी.

गाडगेबाबांनी याच वलगावजवळ, पेढी नदीच्या परिसरात, २० डिसेंबर १९५६ रोजी प्रवासातच देह ठेवला. लोकवर्गणीतून त्यांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभारल्या. वाटेवरच्या गरिबाला निवारा मिळाला की नाही, हा त्यांचा हिशेब होता. सरकारने आणि कंपन्यांनी तोच लावावा. उद्घाटन झालेल्या प्रत्येक सेवेचा वार्षिक ताळेबंद जिल्हानिहाय, मराठीत जाहीर करावा: किती फेऱ्या ठरल्या, किती झाल्या, मोबाइलचे मनोरे किती तास बंद होते, तक्रारींचे पुढे काय झाले. शकुंतलेच्या कामाची तारीखही त्यातच द्यावी. आणि वृत्तपत्रांनी हा ताळेबंद उद्घाटनाच्या छायाचित्राएवढ्याच जागेत छापावा.