विदर्भकन्येचा रशियन कवी

रशियन काव्यात स्वच्छंदतावादाचा, म्हणजे शास्त्राने आखून दिलेल्या नियमांपेक्षा भावना, कल्पना आणि लोकपरंपरा यांना वरचे स्थान देणाऱ्या प्रवृत्तीचा, पाया घालणाऱ्या वसिली आंद्रेयेविच झुकोव्स्कीच्या (१७८३-१८५२) लेखनाचा मोठा भाग अनुवादांचा आहे; आणि तरीही पुश्किनने त्याला गुरू मानले, तर बेलिन्स्कीसारख्या परखड समीक्षकाने झुकोव्स्की झाला नसता तर पुश्किनही झाला नसता, असा निर्वाळा दिला. अनुवाद म्हणजे दुय्यम प्रतीचे लेखन अशी समजूत उराशी धरून बसलेल्या कोणत्याही साहित्यसमाजाने या कवीकडे निरखून पाहायला हवे. गद्याचा अनुवादक मूळ लेखकाचा गुलाम असतो, पण पद्याचा अनुवादक त्याचा प्रतिस्पर्धी असतो, अशा आशयाचे विधान त्याने १८०९ मध्येच एका लेखात केले होते आणि पुढची चाळीस वर्षे तो त्याच भूमिकेवर ठाम राहिला.

तुला प्रांतातील मिशेन्स्कोये या गावी, बूनिन नावाचा जमीनदार आणि युद्धात पकडून आणलेली साल्खा ही तुर्की स्त्री यांच्या पोटी तो जन्मला. आईवडिलांचा विवाह झालेला नसल्यामुळे वडिलांचे आडनाव त्याला मिळू शकले नाही. घरी आश्रयाला राहणाऱ्या आंद्रेई झुकोव्स्की या गरीब उमरावाने त्याला दत्तक घेतले आणि त्याचेच नाव पुढे रशियन वाङ्मयात अजरामर झाले. पुढे सावत्र बहिणीची मुलगी मारिया प्रोतासोवा हिच्यावर त्याचे प्रेम जडले, परंतु जवळच्या नात्यातला विवाह धर्माला मान्य नाही या कारणास्तव मुलीच्या आईने अखेरपर्यंत संमती दिली नाही. मारियाचा विवाह १८१७ मध्ये दोरपात येथील एका शल्यविशारदाशी झाला आणि १८२३ मध्ये प्रसूतीत तिचा अंत झाला. ताटातूट झालेल्या प्रेमिकांच्या इतक्या परदेशी कथा झुकोव्स्कीने रशियनमध्ये आणल्या, त्यामागे हे दुःख होते हे मान्य करायला हवे. स्वतःचे बोलायला त्याला परक्यांचा आवाज जवळचा वाटला.

त्याच्या कामाची रीत समजून घ्यायची तर ब्युर्गर या जर्मन कवीच्या ‘लेनोरे’ या कथाकाव्याचे त्याने काय केले हे पाहणे पुरेसे आहे. युद्धावरून प्रियकर परतला नाही म्हणून देवाला दोष देणाऱ्या मुलीच्या दारी मध्यरात्री एक घोडेस्वार येतो, तिला घोड्यावर घेऊन भरधाव निघतो आणि अखेर त्याचे घर म्हणजे कबर असल्याचे उघड होते, अशी ही कथा. १८०८ मध्ये झुकोव्स्कीने तिला जुन्या काळाचा स्लाव पेहराव चढवून ‘ल्युद्मिला’ लिहिली. त्यानंतर १८१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्वेतलाना’त त्याने तीच गोष्ट रशियन मुलींच्या एका जुन्या चालीत गुंफली. नाताळानंतरच्या सणाच्या रात्री मुलगी दोघांसाठी मेज मांडते, आरशासमोर मेणबत्ती लावून एकटीच बसते आणि होणाऱ्या नवऱ्याचा चेहरा आरशात उमटण्याची वाट पाहते. पुढचा सगळा भयप्रसंग मात्र स्वप्न ठरतो आणि सकाळी प्रियकर जिवंत, हसतमुख दारात उभा राहतो. हे काव्य त्याने मारियाच्या धाकट्या बहिणीला लग्नाची भेट म्हणून दिले. १८३१ मध्ये तो पुन्हा मूळ संहितेकडे वळला आणि या वेळी मुळाशी इमान राखून ‘लेनोरा’ सिद्ध केली. इंग्रज कवी ग्रे याच्या विलापिकेचेही त्याने दोनदा भाषांतर केले, पहिले १८०२ मध्ये आणि दुसरे १८३९ मध्ये. एकदा छापले म्हणजे काम संपले, असे त्याच्या लेखी नव्हतेच.

राजदरबारातील त्याची वर्षे थोडक्यात सांगता येतील. राजघराण्यातील जर्मन सुनेला रशियन शिकवण्यापासून सुरुवात करून तो युवराजाचा, म्हणजे पुढे झार झालेल्या दुसऱ्या अलेक्सांद्रचा, शिक्षक झाला आणि १८४१ पर्यंत त्या जबाबदारीत राहिला. या वजनाचा उपयोग त्याने इतरांसाठी केला: चित्रकार ब्र्युलोवने काढलेले झुकोव्स्कीचे व्यक्तिचित्र सोडतीत काढून आलेल्या २,५०० रूबलमधून १८३८ मध्ये युक्रेनियन कवी तारास शेवचेन्को याची भूदासत्वातून सुटका झाली.

मराठी वाचकाला मात्र त्याचे सर्वांत जवळचे काम याच सुमारास चालू होते. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान, जे आपल्याकडे रघुनाथ पंडिताच्या आख्यानामुळे घरोघरी पोचले आणि ज्याची नायिका विदर्भराज भीमाची कन्या आहे, ते झुकोव्स्कीने ‘नल आणि दमयंती’ या नावाने रशियनमध्ये आणले. हे काव्य १८४१ मध्ये पूर्ण झाले आणि १८४४ मध्ये छापले गेले. झुकोव्स्कीला संस्कृत येत नव्हते. फ्रांट्स बॉप याने १८१९ मध्ये लॅटिन भाषांतरासह प्रसिद्ध केलेल्या संहितेमुळे हे उपाख्यान युरोपात माहीत झाले होते, आणि झुकोव्स्कीने मुख्यतः आधार घेतला तो कवी व प्राच्यविद्यापंडित रुकर्ट याच्या जर्मन रूपांतराचा. रुकर्टच्या यमकबद्ध ओळी त्याने बाजूला ठेवल्या आणि निर्यमक हेक्झामीटर स्वीकारला. हे ग्रीक महाकाव्यांचे सहा गणांचे वृत्त असून त्याच्या रशियन रूपात प्रत्येक गणात एका आघातयुक्त अक्षरामागे सहसा दोन आघातहीन अक्षरे येतात. आठ अक्षरांच्या चार चरणांच्या अनुष्टुभाशी त्याचे बाह्य साम्य नाही; पण कथा सांगणाऱ्याला घाई नाही, श्रोता पुढे बसला आहे, हा व्यासांच्या निवेदनातला भाव त्या ऐसपैस ओळीत यमकापेक्षा अधिक चांगला टिकतो, आणि म्हणून झुकोव्स्कीची निवड अचूक होती. स्वयंवरात नलाचेच रूप घेऊन बसलेल्या देवांना घाम येत नाही, पापणी लवत नाही, माळ कोमेजत नाही आणि पाय भूमीला टेकत नाहीत, तर खरा नल धुळीने माखलेला व छाया पडणारा आहे, या खुणांवरून दमयंती त्याला ओळखते. मर्त्य माणसाची निवड करणारी ही नायिका झुकोव्स्कीच्या काव्यस्वभावाला जणू त्याचीच वाटावी अशी आहे.

१८४१ मध्ये, वयाच्या ५८व्या वर्षी, त्याने एलिझाबेथ फॉन रॉयटर्न या तरुणीशी विवाह केला आणि जर्मनीतच घर थाटले. तिथे १८४२ मध्ये हाती घेतलेली होमरची ‘ओडिसी’ १८४९ मध्ये पुरी झाली. ग्रीकही त्याला येत नव्हते. त्यासाठी ग्रासहोफ या जर्मन प्राध्यापकाने संपूर्ण काव्य हाताने उतरवून दिले, प्रत्येक ग्रीक शब्दाखाली त्याचा जर्मन अर्थ आणि त्याखाली व्याकरण लिहिले. त्या कागदांवर ना वृत्त होते ना वाक्यांचा ओघ. होता तो केवळ शब्दांचा ढीग, ज्यातून कवीने आपल्या कानाच्या भरवशावर होमरचा सूर शोधायचा होता, आणि ही पद्धत त्याने कधी लपवली नाही. त्याचे वीर मुळापेक्षा अधिक मृदू आणि हळवे झाले आहेत हा अभ्यासकांचा आक्षेप रास्त आहे. असे असूनही, उत्तम ग्रीक जाणणाऱ्या ग्नेदिचने १८२९ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘इलियड’ आणि ग्रीक न जाणणाऱ्या झुकोव्स्कीची ‘ओडिसी’ ही दोन भाषांतरे रशियन वाचक आजही शेजारी शेजारी ठेवून वाचतात.